एक खाट, एक रुग्ण. एक यंत्र, एक पत्ता

रात्रीचे दोन वाजले आहेत. तालुक्याच्या गावातील उपजिल्हा रुग्णालयासमोर १०८ची रुग्णवाहिका येऊन थांबते. स्ट्रेचरवर साधारण ५८ वर्षांचे गृहस्थ आहेत. साडेबाराच्या सुमारास पाणी प्यायला उठले आणि उजवा हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळू लागले. लक्षणे पक्षाघाताची आहेत. पण मेंदूत रक्तस्राव झाला आहे की रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे, हे सीटी स्कॅन केल्याशिवाय सांगता येत नाही. गुठळी असेल तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. रक्तस्राव असताना तेच इंजेक्शन दिले तर जिवावर बेतू शकते.

सव्वादोनला स्कॅन होतो. रुग्णालयात रात्री रेडिओलॉजिस्ट नाहीत. प्रतिमा शहरातील तज्ज्ञांकडे पाठवायच्या आणि त्यांचा अहवाल घ्यायचा, अशी व्यवस्था आहे. तंत्रज्ञ पाठवण्याचे बटण दाबतो. काही होत नाही. पुन्हा दाबतो.

"सर, इमेजेस जात नाहीयेत."

"नेट गेलंय का?"

"नाही सर, बाजूच्या कॉम्प्युटरवर सगळं उघडतंय. सीटीवरूनच पुढं जात नाहीये. सकाळी दोन वेळा असंच झालं होतं, मग आपोआप गेलं."

हा प्रसंग उदाहरणादाखल रंगवलेला आहे. पण ज्या रुग्णालयांत स्कॅन एकीकडे आणि अहवाल दुसरीकडे होतो, तेथील कर्मचाऱ्यांना तो अनोळखी वाटणार नाही. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि उपचार मिळाले नाहीत, तर सरासरी दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात मांडला गेला आहे. म्हणजे वीस मिनिटे वाया गेली तर पावणेचार कोटींहून अधिक. यंत्र ठीक, वीज आहे, इंटरनेट आहे, तंत्रज्ञ हुशार आहे. मग अडले कुठे? अडले आहे ते पत्त्यावर.

प्रोटोकॉल म्हणजे ठरलेली रीत

वैद्यकीय क्षेत्राला 'प्रोटोकॉल' हा शब्द नवा नाही. सर्पदंशाचा रुग्ण आला की आधी काय पाहायचे, कोणते औषध किती द्यायचे, किती वेळाने पुन्हा तपासायचे, याची ठरलेली रीत म्हणजे प्रोटोकॉल. त्यामुळे नांदेडचा डॉक्टर आणि सावंतवाडीचा डॉक्टर एकमेकांना न भेटताही एकाच पद्धतीने उपचार करतात. संगणकांचेही तसेच आहे. वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या वर्षांत बनलेली यंत्रे एकमेकांशी बोलू शकतात, कारण बोलण्याची रीत आधी ठरलेली आहे. या रीतीचा पाया म्हणजे 'इंटरनेट प्रोटोकॉल', थोडक्यात आयपी.

या रीतीचा आराखडा व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान या दोन अमेरिकी अभियंत्यांनी १९७४ च्या मे महिन्यात एका शोधनिबंधात मांडला. सर्फ यांना तरुणपणापासून कमी ऐकू येते आणि ते श्रवणयंत्र वापरतात. फोनवर नीट ऐकू न येणाऱ्या माणसाला लिहून संवाद साधता येणे किती मोलाचे, हे ते स्वतःच्या अनुभवावरून सांगत आले आहेत. आज जी आवृत्ती सर्वाधिक परिचित आहे, ती 'आयपी आवृत्ती ४' सप्टेंबर १९८१ मध्ये लेखी स्वरूपात निश्चित झाली. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेच्या 'अर्पानेट' या जाळ्याने जुनी पद्धत सोडून ती स्वीकारली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत.

स्कॅनचे छत्तीस हजार तुकडे

सीटी स्कॅनची एक प्रतिमा म्हणजे आडवे ५१२ आणि उभे ५१२ ठिपके. प्रत्येक ठिपक्यासाठी दोन बाइट धरले तर एक प्रतिमा ५,२४,२८८ बाइटची होते, म्हणजे साधारण अर्धा मेगाबाइट. मेंदूच्या स्कॅनमध्ये अशा शंभर प्रतिमा असल्या, तर तो ऐवज पन्नास मेगाबाइटच्या घरात जातो.

हा ऐवज एका दमात तारेतून जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे केले जातात. त्यांना 'पॅकेट' म्हणतात. रुग्णालयातील नेहमीच्या तारेवर एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात. त्यातले साधारण ४० बाइट पत्ता आणि इतर नोंदींना लागतात, उरलेल्या १४६० मध्ये खरा मजकूर बसतो. या हिशेबाने एका प्रतिमेची ३६० पॅकेटे होतात आणि शंभर प्रतिमांची छत्तीस हजार.

सगळी माहिती एकत्र न पाठवता तुकडे का करायचे? एस.टी.च्या एका लांबलचक गाडीऐवजी सगळ्यांना रिक्षांत बसवून पाठवले, तर एक रस्ता बंद झाला तरी दुसऱ्या रस्त्याने रिक्षा पोहोचतात, आणि एखादी अडकली तर तेवढीच पुन्हा पाठवता येते. शिवाय एकाच रस्त्यावरून अनेकांच्या रिक्षा चालू शकतात. ही कल्पना १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे मांडली. 'पॅकेट' हा शब्द डेव्हिस यांचा.

प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर दोन पत्ते असतात: कुठून निघाले आणि कुठे जायचे आहे. रेफरल चिठ्ठीवर पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या रुग्णालयाचे नाव असते, तसेच. त्याखेरीज एक आकडा असतो, तो पॅकेटचे आयुष्य सांगतो. वाटेतल्या प्रत्येक 'राउटर'पाशी, म्हणजे पुढची वाट ठरवणाऱ्या यंत्रापाशी, हा आकडा एकाने कमी होतो. तो शून्यावर आला की पॅकेट तिथेच टाकून दिले जाते. ही सोय नसती, तर चुकलेली पॅकेटे जाळ्यात कायम फिरत राहिली असती आणि अशा फिरणाऱ्यांची गर्दी होऊन सगळा रस्ता तुंबला असता.

पत्ता वाचावा कसा?

१९२.१६८.१.५० असा एखादा आकडा बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. हा आयपी पत्ता. टिंबांनी वेगळे केलेले चार आकडे, आणि प्रत्येक शून्य ते २५५ च्या दरम्यान. २५५ च का, तर संगणक प्रत्येक आकडा आठ शून्य-एकच्या जागांत लिहितो आणि आठ जागांत २५६ वेगवेगळ्या जुळण्या होतात.

या पत्त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग जाळ्याचा, दुसरा त्या जाळ्यातील यंत्राचा. वॉर्ड क्रमांक आणि खाट क्रमांक असतो ना, तसे. पण वॉर्ड कुठे संपतो आणि खाट कुठे सुरू होते, हे नुसत्या पत्त्यावरून कळत नाही. त्यासाठी सोबत 'सबनेट मास्क' नावाचा आणखी एक आकडा दिलेला असतो. तो २५५.२५५.२५५.० असेल, तर पहिले तीन आकडे वॉर्डाचे आणि शेवटचा खाटेचा, असे समजायचे. अशा वॉर्डात २५६ क्रमांक असतात. त्यातला पहिला वॉर्डाच्या नावासाठी आणि शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी राखीव असतो. यंत्रांसाठी उरतात २५४.

पॅकेट पाठवण्यापूर्वी प्रत्येक यंत्र हा हिशेब करते. घेणारा आपल्याच वॉर्डातला असेल, तर पॅकेट थेट त्याच्या हातात. वॉर्डाबाहेरचा असेल, तर दाराशी बसलेल्या 'गेटवे'कडे. पुढे कुठे आणि कसे पाठवायचे, ते गेटवे पाहतो. वॉर्डातल्या मामांना 'हे सॅम्पल लॅबला' एवढे सांगितले की पुरते. लॅबमध्ये ते कोणत्या टेबलावर जाणार, हे त्यांना ठाऊक असण्याची गरज नसते. इंटरनेटवरचा प्रत्येक राउटर असाच पुढच्या टप्प्यापुरता विचार करतो, आणि तरीही पॅकेट जगाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचते.

ओळख वेगळी, पत्ता वेगळा

पेशंट १२ नंबरच्या खाटेवरून ७ नंबरला हलवला, तर खाट बदलते, माणूस तोच राहतो. यंत्राचेही असेच आहे. कारखान्यातून निघतानाच त्याच्या नेटवर्क कार्डाला एक ओळख क्रमांक मिळतो, त्याला 'मॅक' पत्ता म्हणतात. आयपी पत्ता मात्र ते ज्या जाळ्यात असेल त्यावर ठरतो. घरी एक, दवाखान्यात दुसरा, रेल्वे स्टेशनवर तिसरा.

खाट कोण देते? वॉर्डाच्या सिस्टर. नेटवर्कमध्ये हे काम 'डीएचसीपी' नावाचा प्रोटोकॉल करतो. यंत्र चालू झाले की ते जागा मागते. डीएचसीपी रिकामा क्रमांक पाहून ठरावीक मुदतीसाठी देतो. देणारा कोणी सापडलाच नाही, तर अनेक संगणक स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक तात्पुरता पत्ता घेतात. संगणकावर असा पत्ता दिसला, तर त्याला खाट मिळालेली नाही, तो व्हरांड्यात सतरंजीवर आहे, असे समजावे.

काही यंत्रांचा पत्ता मात्र सारखा बदलून चालत नाही. सीटी, एमआरआय, सोनोग्राफी यांच्या प्रतिमा 'डायकॉम' या मानकानुसार पाठवल्या जातात. नेटवर्कवरून प्रतिमा पाठवण्याची रीत त्यात १९९३ पासून आहे. सीटी यंत्रात घेणाऱ्या संगणकाचे ठरलेले नाव, त्याचा आयपी पत्ता आणि 'पोर्ट' क्रमांक अशा तीन गोष्टी भरून ठेवाव्या लागतात. पोर्ट म्हणजे त्या पत्त्यावरची खिडकी: केसपेपरची वेगळी, औषधांची वेगळी. या तिन्हींपैकी एक जरी चुकले, तरी प्रतिमा जात नाही. म्हणून घेणाऱ्या संगणकाला कायमचा पत्ता दिलेला असतो.

आता पुन्हा त्या रात्रीकडे येऊ. रुग्णालयात आदल्या दिवशी दुपारी बायोमेट्रिक हजेरीचे नवे यंत्र बसवले गेले. बसवायला आलेल्या माणसाने घाईत त्याला हाताने एक पत्ता देऊन टाकला: १९२.१६८.१.५०. नेमका हाच पत्ता सीटीच्या प्रतिमा घेणाऱ्या संगणकाचा होता. एका खाटेवर दोन रुग्ण!

सीटी यंत्राने वॉर्डात हाक दिली, "५० नंबर कोण?" दोन हात वर झाले. ज्याचे उत्तर यंत्राने नोंदवून ठेवले, त्याच्याकडे पॅकेटे जाऊ लागली. सकाळी कधी खऱ्या संगणकाचे उत्तर नोंदले गेले, तेव्हा प्रतिमा गेल्या. रात्री हजेरी यंत्राचे नोंदले गेले. त्या बिचाऱ्याला स्कॅनमधले काय कळणार? त्याच्याकडे ती खिडकीच नाही. त्याने नकार दिला. म्हणून तंत्रज्ञाला बिघाड कधी दिसे, कधी दिसत नसे. थांबून थांबून येणाऱ्या तापासारखा असा बिघाड शोधणे सर्वांत अवघड असते.

पोच घेणारा आणि न घेणारा

पत्ता बरोबर असला तरी छत्तीस हजार पॅकेटे क्रमाने आणि न गळता पोहोचतील, याची हमी आयपी देत नाही. ते काम 'टीसीपी' या जोडीदाराचे. सुरुवातीला दोन्ही यंत्रे एकमेकांची खातरजमा करतात: "ऐकू येतंय?" "येतंय, तुम्हाला?" "मलाही येतंय." मग मजकुराला क्रमांक टाकून पाठवणी सुरू होते. पलीकडून पोच येते. पोच आली नाही, तर तो तुकडा पुन्हा पाठवला जातो. उलटसुलट क्रमाने आलेले तुकडे पलीकडे नीट लावून घेतले जातात. स्कॅन, रक्ताचे अहवाल, औषधांची यादी यांना हीच पद्धत हवी. प्रतिमेतला एक भाग गळून चालत नाही. रक्तस्रावाचा छोटा ठिपका नेमका तिथेच असू शकतो.

थेट व्हिडिओवरून सल्ला घेताना मात्र गणित बदलते. एखादा शब्द हरवला, तर तो चार सेकंदांनी पुन्हा आणून देण्यात अर्थ नसतो. तोवर बोलणे पुढे गेलेले असते. तिथे बहुधा 'यूडीपी' वापरतात. हा पोच मागत नाही, थांबत नाही. म्हणून व्हिडिओ कॉलवर चित्र क्षणभर फुटते, पण संवाद चालू राहतो. ई-संजीवनीसारख्या दूरस्थ सल्लासेवेत पेशंटचा चेहरा अधूनमधून धूसर झाला, तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र त्वचेवरचा चट्टा किंवा जखम दाखवायची असेल, तर व्हिडिओतून दाखवण्यापेक्षा स्वतंत्र फोटो काढून पाठवावा. तो पूर्ण आणि स्वच्छ पोहोचतो.

माणसे जास्त, पत्ते कमी

चार आकड्यांच्या या पद्धतीत एकूण पत्ते किती होतात? ४,२९,४९,६७,२९६. म्हणजे सुमारे ४२९ कोटी. १९८१ मध्ये जगाची लोकसंख्याच साधारण साडेचारशे कोटी होती. त्या काळी प्रयोगाच्या जाळ्यासाठी हे पत्ते अफाट वाटले. पुढे प्रत्येक खिशात फोन आला, आणि ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे वाटून संपले.

तरीही इंटरनेट बंद पडले नाही. याचे श्रेय दोन गोष्टींना. पहिली, खासगी पत्ते. १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ मधले आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते कोणीही आपल्या चार भिंतींत वापरावेत, असे ठरले. 'मारुतीच्या देवळासमोर' हा पत्ता प्रत्येक गावात असतो आणि गावात तो पुरतोही. गावाबाहेर त्याचा उपयोग नाही. खासगी पत्त्यांचे तसेच. लाखो घरांत आणि दवाखान्यांत १९२.१६८.१.१ हा एकच पत्ता सुखाने नांदतो.

बाहेरच्या जगाशी बोलताना 'नॅट' ही युक्ती कामाला येते. रुग्णालयाचा बाहेरचा फोन नंबर एकच असतो आणि आत शंभर एक्स्टेन्शन. ऑपरेटर कोणाचा फोन कुठे जोडला, हे लक्षात ठेवतो. राउटर हेच करतो. आतल्या दोनशे यंत्रांना बाहेरचा एकच सार्वजनिक पत्ता वापरू देतो आणि कोणते उत्तर कोणाचे, याची वही ठेवतो. मोबाइल कंपन्याही अनेक ग्राहकांना मिळून एक सार्वजनिक पत्ता देतात. म्हणून आयपी पत्ता म्हणजे माणसाची ओळख नव्हे. त्यावरून फार तर सेवा देणारी कंपनी आणि अंदाजे परिसर कळतो.

दुसरी गोष्ट कायमच्या उपायाची: आयपी आवृत्ती ६. यात पत्ता ३२ ऐवजी १२८ जागांचा असतो. एकूण पत्त्यांची संख्या ३४० वर ३६ शून्ये एवढी आहे. ६ जून २०१२ पासून मोठ्या कंपन्यांनी ती कायमची सुरू केली. नव्या फोनांत ती आपोआप चालते. भारतातही तिचा वापर मोठा आहे. रुग्णालयांतील अनेक जुनी यंत्रे मात्र अजून आवृत्ती ४ च बोलतात, त्यामुळे पुढची काही वर्षे दोन्ही शेजारी शेजारी नांदणार आहेत.

पत्ता सगळ्यांना कळला तर

पत्ता चुकला तर काय होते, ते वर पाहिले. पत्ता बरोबर आहे, पण दाराला कडीच नाही, अशी स्थिती त्याहून घातक असते.

सप्टेंबर २०१९ मध्ये जर्मनीतील ग्रीनबोन नेटवर्क्स या कंपनीने इंटरनेटवर दिसणाऱ्या वैद्यकीय प्रतिमांच्या सुमारे २,३०० साठवण यंत्रणा तपासल्या. त्यांतील ५९० यंत्रणा कोणालाही उघडता येत होत्या. त्यांत ५२ देशांतील रुग्णांच्या दोन कोटी चाळीस लाखांहून अधिक नोंदी होत्या: नाव, जन्मतारीख, तपासणीचा दिवस, तपासणीचे कारण. यासाठी कोणतेही कुलूप फोडावे लागले नव्हते. यंत्रणेला सार्वजनिक आयपी पत्ता दिलेला होता, डायकॉमची खिडकी उघडी होती आणि पासवर्ड मागितला जात नव्हता. भारताचे नाव त्या यादीत होते. पुढील वर्षाच्या पाहणीत भारतातील राज्यांत महाराष्ट्राचा क्रमांक वरचा होता. घरी बसून डॉक्टरांना स्कॅन पाहता यावा, या सोयीसाठी केलेली जोडणी अनेकदा अशी उघडी राहते.

१२ मे २०१७ रोजी ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने दुसरा धडा घेतला. 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्राम आपल्या जाळ्यातील शेजारचे पत्ते आणि इंटरनेटवरचे वाटेल ते पत्ते एकामागून एक ठोठावत होता. ४४५ क्रमांकाची खिडकी उघडी आणि विंडोज अद्ययावत नसलेले यंत्र सापडले की तो आत शिरे, फायली कुलूपबंद करी आणि तिथून पुढचे पत्ते शोधू लागे. साथीचा आजार पसरतो तसाच हा प्रकार. इंग्लंडमधील २३६ पैकी किमान ८० रुग्णालय संस्थांना झळ बसली. रद्द झालेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रियांच्या नोंदलेल्या वेळा ६,९१२ होत्या. प्रत्यक्ष आकडा १९ हजारांहून अधिक असावा, असा अंदाज सरकारी लेखापरीक्षणात आला. वेदना देणारी बाब अशी की, या दोषावरची दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. लस आली होती, टोचून घेतली नव्हती.

आपल्याकडे २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सची संगणक यंत्रणा अशाच हल्ल्यात कोलमडली. नोंदणी, अहवाल, बिले हे सगळे सुमारे दोन आठवडे कागदावर चालले. प्राथमिक विश्लेषणात नेटवर्कची योग्य विभागणी नसल्याचे आढळले, असे सरकारने संसदेत सांगितले.

विभागणी म्हणजे काय, हे वॉर्डाच्या उदाहरणावरून चटकन कळते. क्षयरोगाचा रुग्ण, बाळंतीण आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेला पेशंट यांना कोणी एका दालनात ठेवत नाही. नेटवर्कमध्ये मात्र आयसीयूचे मॉनिटर, केसपेपरचे संगणक, सीसीटीव्ही आणि नातेवाइकांचे वाय-फाय हे सगळे एकाच सबनेटमध्ये असल्याचे सर्रास आढळते. कारण उघड आहे: तसे जोडणे सोपे आणि स्वस्त पडते. मग एका संगणकाला लागण झाली, की मधे एकही दार नसते. प्रत्येक विभागाला वेगळा सबनेट आणि दोन सबनेटांमध्ये कोण कोणाशी बोलू शकेल याचे नियम, एवढे केले तरी लागण एका वॉर्डापुरती रोखता येते.

करण्यासारखे काय?

यातली बरीच कामे पैशांची नाहीत, शिस्तीची आहेत. रुग्णालयांनी आणि छोट्या दवाखान्यांनीही पुढील गोष्टी पाहाव्यात:

* प्रत्येक यंत्राचा आयपी पत्ता, जागा आणि जोडल्याची तारीख यांचे रजिस्टर ठेवावे. औषधांचे स्टॉक रजिस्टर असते, तसे. कायमचे पत्ते डीएचसीपीच्या वाटपातून वगळावेत.

* नवे यंत्र बसवायला आलेल्या कोणालाही रजिस्टर पाहिल्याशिवाय पत्ता देऊ देऊ नये.

* तपासणी यंत्रे, कार्यालयीन संगणक, सीसीटीव्ही आणि पाहुण्यांचे वाय-फाय वेगवेगळ्या सबनेटमध्ये ठेवावेत.

* स्कॅन साठवणारी यंत्रणा थेट सार्वजनिक पत्त्यावर उघडी ठेवू नये. बाहेरून पाहायचे असेल, तर व्हीपीएन आणि पासवर्ड हवाच.

* राउटर, कॅमेरे आणि यंत्रे यांचे कंपनीने दिलेले पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावेत. दुरुस्त्या वेळेवर टाकाव्यात. नोंदींची एक प्रत नेटवर्कपासून तोडून ठेवावी.

* यंत्रणा बंद पडली तर कागदावर काम कसे चालवायचे, याची अग्निशमनासारखी तालीम वर्षातून एकदा घ्यावी.

सामान्य वाचकानेही घरच्या वाय-फाय राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा. तपासणी केंद्राने स्कॅन पाहण्यासाठी लिंक दिली, तर ती पासवर्ड किंवा ओटीपी न विचारता उघडते का, हे पाहावे. तशी उघडत असेल, तर ती इतरांनाही उघडू शकते. केंद्राला तसे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. ती लिंक नातेवाइकांच्या मोठ्या ग्रुपवर टाकण्याआधीही दोनदा विचार करावा.

त्या रात्री काय झाले? तंत्रज्ञाला आठवले की बिघाड हजेरीचे यंत्र बसल्यापासून सुरू झाला. त्याने व्हरांड्यात जाऊन त्याची तार उपसली. सीटी यंत्र बंद करून चालू केले. पावणेतीनला प्रतिमा गेल्या, तीन वाजता अहवाल आला: रक्तस्राव नाही. सव्वातीनच्या आत इंजेक्शन सुरू झाले. लक्षणे सुरू होऊन पावणेतीन तास झाले होते, मुदत अजून शिल्लक होती. आधीची तीस मिनिटे मात्र एका आकड्याने खाल्ली होती. सकाळी सिस्टरांनी एक जुने रजिस्टर रिकामे करून दिले. पहिल्या पानावर तंत्रज्ञाने लिहिले: '१९२.१६८.१.५०, सीटी इमेजेस. दुसऱ्या कोणालाही देऊ नये.'